वेल लेफ्ट

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकदाच मॅच वाचवली आहे, आणि ती वाचवताना त्याने काहीही केलेलं नाही. हे मी म्हणत नाही, तो स्वतःच छाती फुगवून सांगतो. पुण्यात कॉलेजकडून खेळताना अख्खी दुपार तो खेळपट्टीवर उभा राहिला, आलेला प्रत्येक बॉल एकतर पायाशी मारून टाकला नाहीतर सोडून दिला, आणि संध्याकाळी मॅच ड्रॉ झाली. मी नागपूरची. आमच्याकडे इतका वेळ उन्हात उभं राहून काहीच झालं नाही तर माणूस घरी जाऊन पंख्याखाली झोपतो. पण लग्नापासून ती दुपार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता तिचं ऊन मलाच लागतं.

विकेट टाकायची नाही, हा त्याचा एकमेव मंत्र. टेक्सासमधल्या फ्रिस्कोला आल्यापासून तो एकाच कंपनीत, एकाच मॅनेजरच्या हाताखाली, ग्रीन कार्डची वाट बघत क्रीजवर उभा आहे. चांगल्या चांगल्या नोकऱ्या समोरून गेल्या, त्याने सोडल्या. "बाहेरचा बॉल होता यार," म्हणतो. माझा व्हिसा त्याच्याच व्हिसाला टांगलेला, म्हणून मी मूग गिळून गप्प बसते.

आमची मुलगी इथेच जन्मली. तेराव्या वर्षी तिने आपणहून सॉफ्टबॉल निवडला. नावात सॉफ्ट आहे म्हणून मीही हो म्हटलं. बॉल आमच्या संत्र्याहून चांगलाच मोठा, रंगाने पिवळाधमक, आणि दंडाला लागला की आठवडाभर निळा डाग. पिचर मुलगी हात खालून गर्रकन फिरवून तो असा सोडते की बघणाऱ्याने डोळा मिटला तर बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्येच सापडावा. ऑगस्टमध्ये निवड झाली तेव्हा कोच बाईंनी तिला टीममध्ये घेतलं, पण अर्धवट. पळते छान, झेलते छान, बॅटिंगचं मात्र काही खरं नाही, असं त्या म्हणाल्या. नोव्हेंबरपर्यंत बघू, शेवटच्या मॅचनंतर ठरवू. त्या दिवशी घरी येऊन पोरीने मला एवढंच सांगितलं, "आई, आय रिअली वॉन्ट धिस." ती सहसा काही मागत नाही. बापावर गेली आहे.

बॅटिंगचं नाव निघाल्यावर बाप थोडाच गप्प बसणार? त्याने बॅकयार्डमध्ये शाळा उघडली. पुढचा कोपर वर. डोकं बॉलवर. बॅट सरळ खाली आण. हात मऊ ठेव. आणि मुख्य म्हणजे हवेत मारायचं नाही, गवताला चिकटून जाऊ दे. पोरगी हुशार, महिन्याभरात सगळं उचललं. इतकं की मॅचमध्ये तिची बॅट लागली की बॉल नम्रपणे घरंगळत थेट फील्डरच्या ग्लोव्हमध्ये जायचा. इथे बॅट लागली की पळावंच लागतं, पायाशी बॉल मारून उभं राहायची सोय नाही. बिचारी धावत पहिल्या बेसच्या अर्ध्या वाटेवर पोचायच्या आत आऊट झालेली असायची. नवरा मात्र खूश. "शॉट बघ, कसा कॉपीबुक आहे."

आणि मग तो शनिवार आला. होम प्लेटवरून, म्हणजे बॅट घेऊन उभं राहतात तिथल्या पांढऱ्या पाटीवरून, गेलेला बॉल मारला नाही तर स्ट्राइक, असे तीन झाले की घरी. दोन झाले होते. तिसरा बॉल प्लेटच्या बाहेरच्या कडेवरून आला. पोरीने पुढचा पाय टाकला, बॅट डौलात खांद्यावर उचलली, मान वळवून बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाताना पाहिला, आणि सोडला. अंपायर ओरडला. ती आऊट. ब्लीचर्सवर, म्हणजे मैदानाकडेच्या पायऱ्यांच्या बाकांवर, सगळे आईबाप मुलींसाठी हळहळतात तसे हळहळले, मग एकदम शांत झाले. त्या शांततेत माझ्या शेजारी खणखणीत टाळ्या वाजल्या.

"वेल लेफ्ट, बेटा. वेल लेफ्ट."

सगळ्या माना वळल्या. धरणी पोटात घेईल तर बरं असं म्हणतात ना, टेक्सासमधली धरणी फार कडक, ती काही घेईना. मी त्याच्या गुडघ्यावर चिमटा काढला तर तो माझ्याकडेच निरागसपणे बघतो. "काय? जजमेंट बघ ना तिचं."

गाडीत पोरगी खिडकीकडे तोंड करून बसली. घर यायच्या आधी शेवटच्या सिग्नलला ती मला म्हणाली, बापाला नाही, मला, "कॅन ही नॉट कम एनीमोअर?" बाप गाडी चालवत होता. सिग्नल हिरवा झाला तरी त्याने गाडी हलवली नाही, मागून हॉर्न वाजला. मग म्हणाला, "ठीक आहे."

त्यानंतर सराव माझ्या गळ्यात पडला. मी आयुष्यात बॅट धरली ती उंदीर हाकलायला. कोच बाईंनी मला मैदानाच्या कडेला उभं करून शिकवलं, कारण घरी कोणीतरी रबरी खुंटी, म्हणजे टी, लावून, त्यावर बॉल ठेवून, समोरच्या जाळीत मारून घ्यायला हवंच होतं. त्यांनी माझ्या खांद्याला धरून सांगितलं की हात विसरा. ताकद जमिनीतून येते. आधी वजन मागच्या पायावर घ्यायचं. मग पुढचा पाय छोटासा टाकायचा आणि टाच घट्ट रोवायची. टाच रोवली की मागची कंबर वळते, बेंबी पिचरकडे बघायला लागते, आणि तरीही बॅट मागेच. मागचा कोपर बरगडीला घासून येतो. हात सगळ्यात शेवटी. हातांनी घाई केली की संपलं.

आमच्या घरात हे कसं जमायचं, मला कळेना. कंबर हलवू नकोस असं ऐकत मी मोठी झाले, आणि बाप तर बॅटसुद्धा हलवू नकोस म्हणणारा. पोरगी टीसमोर उभी राहिली की लाकडाच्या ओंडक्यासारखी वळायची, खांदे आणि कंबर एकदमच. मी कोच बाईंची वाक्यं जशीच्या तशी इंग्रजीत म्हणून दाखवायची. ती डोळे फिरवायची. एकदा मी म्हटलं, "मरू दे ते," आणि घरातून नुकतीच धुतलेली ओली चादर घेऊन आले. आमच्या कॉलनीत बाहेर दोरी बांधून कपडे वाळत घालायला बंदी आहे, शेजाऱ्यांचं सौंदर्य बिघडतं म्हणे. त्यामुळे पोरीने चादर झटकणं कधी पाहिलेलंच नव्हतं. मी पाय रोवले आणि नागपूरला आमच्या गच्चीवर झटकायचे तशी झटकली. फाट्कन आवाज झाला आणि तिच्या तोंडावर पाणी उडालं.

"डू इट अगेन," ती म्हणाली.

तिने माझ्या हातांकडे नाही, कंबरेकडे बघितलं. मग स्वतः झटकली. पहिल्यांदा चादर नुसतीच लोंबली, कारण तिने हातांनी ओढली. नंतर टाच, कंबर, आणि शेवटी मनगट, तेव्हा आवाज आला. मग तिने चादर माझ्या अंगावर फेकली आणि बॅट उचलली. त्या संध्याकाळी जाळी फाटली. नवरा स्वयंपाकघराच्या खिडकीतून भांडी घासत बघत होता. तोच तोच पेला किती वेळ घासला देव जाणे. बाहेर आला नाही. त्याला बोलावलं नव्हतं.

हवेत जातोय बॉल, एवढंच तो जेवताना म्हणाला.

शेवटच्या मॅचला तो आम्हाला सोडायला आला. नुसता सोडायला. मग पार्किंग लॉटमध्ये होम प्लेटच्या मागच्या जाळीपलीकडे त्याने गाडी लावली आणि एसी चालू ठेवून आतच बसला. तिथून काय दिसणार, जाळी आणि अंपायरची पाठ. मी पोरीला काही बोलले नाही. तिने गाडी पाहिली होती की नाही, मला माहीत नाही.

तिची बारी आली. पहिला बॉल तिने जोरात फिरवला आणि चुकवला. कोच बाई कडेला हाताची घडी घालून उभ्या होत्या, आज ठरायचं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. दुसऱ्या बॉलला मी टाच पाहिली. रोवली. कंबर वळली, हात मागेच, आणि मग असा आवाज आला की मी उभीच राहिले. पण बॅट बॉलला मधोमध लागली नव्हती, खालून लागली होती. तो सरळ वर गेला, मागे गेला, जाळीच्या वरून गेला आणि पार्किंग लॉटमध्ये आमच्या गाडीच्या बॉनेटवर धाडकन पडला.

हा फाऊल. या खेळात मागे गेलेल्याला काडीची किंमत नाही, उलट एक स्ट्राइक वाढतो. पण गाडीचं दार उघडलं. दर शनिवारी ज्या गाडीला स्वतःच्या हाताने पॉलिश करतो तिच्या बॉनेटला खळगा पडलेला, आणि माझा नवरा दोन्ही हात डोक्यावर ताठ उभे करून उभा. सिक्स. माझ्या मागच्या एका गृहस्थाने बायकोला विचारलं, "टचडाऊन?" टचडाऊन म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधला गोल, इकडे टेक्सासात त्या हातांचा दुसरा अर्थच नाही. मी काही समजावायच्या फंदात पडले नाही. हसू की रडू अशी माझी गत झाली होती.

पोरीने मागे वळून बघितलं. आता ही हेल्मेट काढून आपटते की काय, असं मला वाटलं. तिने नुसती बॅट पुन्हा वर घेतली.

तिसरा बॉल प्लेटच्या बाहेरच्या कडेवरून आला. तसाच, त्या शनिवारचा असावा तसा. तिने सोडला नाही. टाच, कंबर, कोपर, हात, सगळं अंग त्यात घातलं, इतकं की बॅट फिरून पाठीला लागली आणि ती एका गुडघ्यावर मातीत बसली. बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये होता. आऊट.

ब्लीचर्स हळहळले आणि शांत झाले. तेवढ्यात जाळीमागे टाळ्या वाजल्या. नवरा पार्किंग लॉटमधून चालत जाळीपर्यंत आला होता, फाऊलचा बॉल काखेत धरून. आवाज जरा चिरकलेला होता.

"वेल मिस्ड, बेटा," तो म्हणाला. "वेल मिस्ड."

आयुष्यभर एकही विकेट न टाकणारा माणूस. मी चष्मा काढून पुसला.

पोरगी उठली. गुडघ्यावरची माती झटकली. बाकाकडे जाताना ती थांबली, जाळीकडे वळली आणि बॅट वर उचलली, पन्नास झाल्यावर उचलतात तशी. तिला हे कधी कोणी शिकवलं होतं मला आठवत नाही. त्या मैदानावर त्याचा अर्थ कळणारे आम्ही तिघंच होतो.

मॅच संपल्यावर कोच बाई माझ्याकडे आल्या. त्यांना कंबर दिसली होती. स्प्रिंग सीझनच्या टीममध्ये ती पक्की आहे, असं त्यांनी सांगितलं. मग जरा घुटमळल्या.

"फक्त एक," त्या म्हणाल्या, "आऊट झाल्यावर इथे कोणी बॅट वर करत नाही. तेवढं तिला सांगाल?"

मी हो म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.