एकवीस गुणिले तीस

गुडगावच्या ज्या ऑफिसात मी काम करतो, तिथे आम्ही लोकांना प्रश्न विचारतो आणि त्यांच्या उत्तरांवरून कंपन्यांना सांगतो, की तुमचं बिस्किट पुढच्या वर्षी किती खपेल. घरात हे कोणाला नीट कळलेलं नाही. आई शेजारी सांगते, "फॉर्म भरून घेतो." म्हणजे तिच्या हिशेबाने मी जरा इस्त्रीचे कपडे घालणारा जनगणनावाला. एकट्या आत्याला माझ्या कामाबद्दल आदर होता. तो मी कसा घालवला, ते सांगतो.

आत्या गेल्या वर्षी सरकारी नोकरीतून रिटायर झाली. कुठली फाईल कुठे अडकलीय, हे तिला विचारल्याशिवाय तिच्या साहेबालाही कळायचं नाही. आणि आता दिवसभरात तिला एकच प्रश्न येई, तोही आतोबांचा: चहा झाला का? हे तिला फार लागलं होतं. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात मोदकांचा स्टॉल वर्षानुवर्षं एका हलवायाकडे असे. माव्याचे, साच्यातले, चवीला पेढ्याचे सावत्र भाऊ. आत्याने सेक्रेटरींशी वाद घालून पहिल्या दिवसापुरता तो स्टॉल स्वतःकडे घेतला. उकडीचे, हाताने पाकळ्या काढलेले, वर साजूक तूप. सेक्रेटरींची अट सरळ होती: माल उरून वाया गेला तर पुढच्या वर्षी परत हलवाई. आत्या थेट माझ्याकडे आली. तू हेच करतोस ना ऑफिसात, मग सांग मला, किती करू?

झालं, मला चेव चढला. मुनिरक्यापासून इंदिरापुरमपर्यंत तीस मराठी घरं निवडली आणि प्रश्न तयार केला, 'गणपतीत तुमच्याकडे किती मोदक लागतात?' पहिल्या घरी काकू म्हणाल्या, एकवीस. दुसऱ्या घरी एकवीस. तिसऱ्या घरी काकांनी पेपरमधून डोकंसुद्धा वर काढलं नाही, आतूनच एकवीस म्हणाले. मुनिरक्यात एका खोलीत स्पर्धापरीक्षेची तयारी करणारी चार मुलं राहत होती, त्यांचंही एक घर मी धरलं होतं. त्यांनी आपसात चर्चा केली, एक एक पर्याय बाद केला आणि शेवटी एकवीसच सांगितलं.

ज्यांना इथेच हसू फुटलंय त्यांनी जरा दम धरावा. माझा जन्म दिल्लीचा. गणपती आमच्याकडे बसत नाही, तो सांगलीला थोरल्या काकांकडे. मला वाटलं, काय खवय्ये लोक आहेत यार! इतका स्वच्छ डेटा मी जन्मात पाहिला नव्हता. माझा बॉस नेहमी बजावतो, की सगळी उत्तरं एका सुरात यायला लागली तर लोकांवर नाही, आपल्या प्रश्नावर संशय घ्यावा. ते मला आठवलं, पण नंतर. तेव्हा मी एकवीस गुणिले तीस केलं, रंगीत ग्राफ काढला आणि आत्याला आकडा दिला: सहाशे तीस.

"अरे, पण एकवीस म्हणजे..." तिने तोंड उघडलं.

"आत्या, हा डेटा आहे," मी म्हणालो.

तिच्या ऑफिसात तिचं वाक्य कोणी असं तोडलं नसेल.

चतुर्थीच्या संध्याकाळी ती आणि तिच्या तीन मैत्रिणी मोदकांच्या परातींमागे उभ्या राहिल्या. पहाटेपासून राबल्या होत्या बिचाऱ्या. लोक येत होते, नटूनथटून, दर्शन घेऊन. एक मोदक उचलत, वा वा करत आणि पुढे जात. जाता जाता सांगत, आमच्याकडे सकाळीच झाले ना नैवेद्याचे, एकवीस. घरोघरी बाप्पापुढे घरच्याच हातचे एकवीस मोदक ठेवून ही मंडळी आली होती. मी त्यांना 'किती लागतात' विचारलं होतं, 'किती विकत घ्याल' हे विचारलंच नव्हतं! आरती संपली तरी पन्नाससुद्धा गेले नव्हते. सेक्रेटरी हात मागे बांधून दोन चकरा मारून गेले. आत्या सारखी परातींवरचं ओलं फडकं नीट करत होती, माझ्याकडे बघत नव्हती. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिने चारचौघांत थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं.

तेवढ्यात ढोल ऐकून समोरच्या सोसायटीतल्या एक पंजाबी आंटी आल्या. मोदकपात्राचं झाकण नेमकं तेव्हाच उघडलेलं, आतून वाफ येतेय. त्यांनी वाकून बघितलं आणि विचारलं, "ये मोमो हैं?"

मी डोळे मिटले. पुरणपोळीला मीठा पराठा म्हणणाऱ्या बाईशी आत्या दोन महिने बोलली नव्हती. आत्याने परातींकडे पाहिलं, सेक्रेटरींकडे पाहिलं, मग बाप्पाकडे, बहुधा माफी मागायला.

"हाँ जी," ती म्हणाली. "मीठे वाले."

आंटींनी एक खाल्ला, उभ्याउभ्या आणखी पाच घेतले आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. मग काय विचारता! मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर 'मीठे मोमो' लिहून टांगलं. रांग पार गेटपर्यंत गेली. सहाशे तीसच्या सहाशे तीस संपले. सेक्रेटरींनी माझी पाठ थोपटली, म्हणाले, काय अचूक अंदाज! मी विनयाने मान खाली घातली. पुढच्या आठवड्यात ऑफिसात मी तो ग्राफ दाखवलासुद्धा, अंदाज आणि प्रत्यक्ष खप, दोन्ही खांब एकाच उंचीचे. कोणी काही विचारलं नाही, मीही काही बोललो नाही. आत्या मात्र घरी एवढंच म्हणाली, की आंधळ्याच्या गाई देव राखतो.

यंदा सेक्रेटरींचा फोन आला. ताई, स्टॉल आता तुमचाच, किती करायचे ते भाच्याला विचारा.

"आकडा तो काढेल," आत्या म्हणाली. "विचारायला मी जाणार."

माझे फॉर्म घेऊन दोन रविवार ती समोरच्या सोसायटीत हिंडली. दोन्ही वेळा घसा बसवून आली, आणि चेहरा असा, की नोकरीत परत घेतलंय. घरोघरी तिला बसवून घेत होते, पात्रात पाणी किती, पीठ कुठलं, पाकळ्या कशा काढता, सगळं तिला विचारत होते. मी फॉर्म बघितले. 'किती घ्याल?' पुढे तिच्या सुवाच्य अक्षरात होतं, एक प्लेट, दोन प्लेट. आणि जवळजवळ प्रत्येक फॉर्मखाली तिने लोकांचा एक प्रश्न टिपून ठेवला होता: साथ में चटनी कौन सी होगी?

माझ्या फॉर्ममध्ये चटणीचा रकानाच नव्हता. मी कपाळाला हात लावला आणि तिला विचारलं, आता काय करायचं?

तिने चष्मा काढून पुसला. तिला कोणीतरी विचारलं होतं, त्यामुळे घाई नव्हती.

"करायचंय काय? तूप आहे ना? त्याला चटणी म्हणायचं. लिही."