नऊ मिनिटांची जबानी

आर्डिस टोलेफ्सनला कुणी विचारलं, "काय, कसं चाललंय?" तर ती म्हणायची, "याहून वाईट चालू शकलं असतं." अमेरिकेच्या उत्तरेकडे, मिनेसोटात, हे ठणठणीत प्रकृतीचं लक्षण समजतात. नवरा गेला तेव्हाही ती हेच म्हणाली होती, आणि यंदा उन्हाळ्यात गुडघा बदलला तेव्हाही. वय त्रेसष्ट, अंगापिंडाने धिप्पाड आणि आवाज मात्र वाचनालयात बोलल्यासारखा. तलावाकाठच्या त्या छोट्या कॉलेजातल्या सगळ्या संगणकांची ती एकटी राखणदार.

तळघरात तिचे बारा संगणक होते, एकमेकांना जोडलेले, मिळून एकच मोठं गणित सोडवणारे. नऊ वर्षांपूर्वी त्यांचा प्रत्येक स्क्रू तिने आपल्या हाताने आवळला होता आणि एकेकाला आपल्या एकेका मावशीचं नाव दिलं होतं. इंगा, सोलव्हे, बोर्गहिल्ड. तिला मावश्या बाराच्या बारा होत्या, त्यामुळे नावं कमी पडली नाहीत.

आता ऑक्टोबरात, गेले तीन आठवडे, मावश्या पटापट मान टाकत होत्या. यंत्राचा सगळा कारभार ज्याच्या हाती असतो तो गाभा, म्हणजे कर्नेल, तोच चालता चालता कोसळायचा. आज इंगा, तर परवा बोर्गहिल्ड. शेवटी डीन लिनेट बुखरने कळवलं की शुक्रवारपर्यंत कारण सापडलं तर ठीक, नाहीतर बाराही यंत्रं भंगारात जातील आणि कॉलेज बाहेरची यंत्रं भाड्याने घेईल. आर्डिसने ते पत्र दोनदा वाचलं.

ती हात धुवून त्या बिघाडाच्या मागे लागली. मेमरीच्या पट्ट्या बदलल्या, पंखे झाडले, वायरी उपसल्या. पण तिची खरी भिस्त होती मृत्युपूर्व जबानीवर. कर्नेल कोसळला की यंत्र जाता जाता मेमरीतलं सगळं डिस्कवर उतरवून ठेवतं. ते वाचलं की नेमका कुठल्या ओळीपाशी घात झाला ते कळतं. तिच्या यंत्रांना या कामाला नऊ मिनिटं लागत, आणि मग ती आपोआप पुन्हा सुरू होत. पण दर वेळी जबानी अर्धवटच सापडायची. पहिल्या दोन मिनिटांचं लिहिलेलं, पुढे सगळं कोरं. तिने डिस्कही बदलून पाहिल्या. व्यर्थ.

बुधवारी दुपारी ती कॉफीसाठी आपल्या वरच्या खोलीतून तळमजल्यावर आली असताना तिच्या फोनवर निरोप आला की बोर्गहिल्ड गेली. जिना जवळच होता. गुडघ्याला चुचकारत ती उतरली, तर खोलीचं दार उघडं आणि आत वेंडेल स्कॉगलंड. तलावांच्या अभ्यासात हयात घालवलेले निवृत्त प्राध्यापक, वय अठ्ठ्याहत्तर, डोक्यावर कानटोपी. त्यांचं बोट बोर्गहिल्डच्या बटणावर होतं.

"वेंडेल! काय चाललंय हे?"

"काही नाही गं." म्हाताऱ्याने बोट झटकन खिशात घातलं. "ही जरा निजली होती. उठवली."

"आणि हे उठवणं कधीपासून चाललंय?"

"झाले असतील तीन आठवडे. तुझा गुडघा नवा, हा जिना असा. माझी खोली शेजारीच आहे. म्हटलं एवढंसं बटण, त्यासाठी तुला कशाला खाली आणायचं?"

"एवढंसं बटण! अहो, ती बिचारी मरता मरता जबानी देत असते, आणि तुम्ही येऊन तिचा गळा दाबता!"

"मला काय ठाऊक? मला वाटलं, नुसती कण्हतेय."

खरं तर आर्डिसने चिडायला हवं होतं. पण तीन आठवड्यांची झोपमोड आणि समोर ती अपराधी कानटोपी. ती जी हसत सुटली, ती कपाटाला धरूनच उभी राहिली.

वेंडेलनी आपलं बर्फाचं गणित पुन्हा लावलं. तलाव यंदा कधी गोठणार त्याचं ते गणित होतं. पाऊण तासात सोलव्हे गेली. दोघं खोक्यांवर बसली आणि वेंडेलच्या डब्यातल्या रुबार्बच्या आंबटगोड वड्या खात घड्याळाकडे बघत राहिली. चौथ्या मिनिटाला म्हाताऱ्याचा हात हलला.

"हात!"

"अगं, नाक खाजवत होतो!"

नऊ मिनिटं झाली आणि जबानी पूर्ण उतरली. आर्डिसने चष्मा लावला, ओळीमागून ओळ वाचली, आणि तिचा चेहरा पडला. घात नेटवर्क कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये होता. त्याची नवी आवृत्ती जुलैत तिनेच हौसेने चढवली होती. तीन आठवड्यांपूर्वी वेंडेलचं गणित यंत्रायंत्रांतून माहितीचे मोठमोठे गठ्ठे पाठवू लागलं तेव्हा कुठे तो प्रोग्रॅम अडखळायला लागला. म्हणजे मावश्यांना तिनेच आजारी पाडलं होतं. तिने जुनी आवृत्ती परत बसवली. शुक्रवार सकाळपर्यंत बाराजणी न थांबता राबत होत्या.

डीनच्या खोलीत दोघं गेली.

"चूक माझी आहे," आर्डिस म्हणाली.

"छे, माझी. बटण मी दाबलं," वेंडेल म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो. प्रोग्रॅम मी चढवला."

लिनेट कपाळाला हात लावून ऐकत होती. "आर्डिस, खरं सांगू? मला वाटलं होतं, तुम्हाला यातून सुटका हवी आहे. गुडघा, ते जिने... ऑगस्टमध्ये मी विचारलंही, हे ओझं काढून घेऊ का? तुम्ही म्हणालात, तुम्हाला सोयीचं पडेल ते करा. भाड्याच्या यंत्रांचा घाट मी तुमच्यासाठीच घातला. तुम्हाला एक निमित्त मिळावं म्हणून."

भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे तर तिघांच्या भिडेपायी बारा चालती यंत्रं भंगारात निघाली होती!

"तर आता तुम्हीच सांगा," लिनेट म्हणाली. "ठेवायची की काढायची?"

आर्डिसच्या ओठांवर पुन्हा तेच आलं, तुम्हाला सोयीचं पडेल ते. जन्मभर तिने कुणाकडे वाढून घ्यायलासुद्धा बशी पुढे केली नव्हती. तिचे कान तापले. खुर्चीची कड तिने घट्ट धरली.

"मला ती हवी आहेत," ती म्हणाली, आणि आवाज चांगला बाहेरच्या बोळापर्यंत गेला. "बाराच्या बारा. माझा जीव आहे त्यांच्यावर."

लिनेटने पेन उचललं. "आणखी काही?"

"हो," आर्डिस म्हणाली. "जिन्याला कठडा. दोन्ही बाजूंनी."