फळी सरांनी फिरवली होती

सरांनी माझं मनगट पट्टीनं उचललं.

हातानं नाही. टेबलावर फूटभर लांब लाकडी पट्टी पडली होती. ती माझ्या मनगटाखाली घातली आणि माझा हात वर केला. बारावीच्या सगळ्या मुलांना दिसेल एवढा वर.

“हे बघा,” सर म्हणाले. “ओले हात. ओल्या हातांनी तारा जोडल्या की असंच होतं.”

हातावरून पाणी गळत होतं. कोपरापर्यंत आलं, बाहीत गेलं. मुलं हसली. संस्थेचे अध्यक्ष हसले. त्यांच्याबरोबर दोन पाहुणे होते. त्यांनी आधी अध्यक्षांकडे बघितलं, मग तेही हसले.

मी हात खाली घेतला नाही. सरांनी पट्टी काढली तेव्हा तो आपला आपण खाली आला.

मला राग आला असं लिहायला बरं वाटलं असतं. नाही आला. रडूही नाही. मागे बेसिनचा नळ तसाच सुरू राहिला होता, तो बंद करायला हवा एवढंच डोक्यात होतं. मी गेले आणि नळ बंद केला.

मी डिचोली तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत प्रयोगशाळेत कामाला आहे. कागदावर लॅब अटेंडंट. बोलताना प्यून. फिजिक्स आणि केमिस्ट्रीला मिळून एकच खोली, म्हणून दोन्हीकडची कामं माझी. काचेच्या नळ्या धुवायच्या, अ‍ॅसिडच्या बाटल्या पुसायच्या, प्रयोगाची मांडणी करून ठेवायची, मुलं गेली की सगळं कपाटात लावून कुलूप घालायचं. कंत्राट अकरा महिन्यांचं. मे महिन्यात संपतं, जूनमध्ये पुन्हा देतात. नऊ वर्षं असंच चाललंय.

आम्ही मूळचे दोडामार्गाकडचे. बाबा खाणीवर ट्रक चालवायला शिरगावला आले आणि इथलेच झाले. मी अकरावी सायन्सला होते तेव्हा खाण बंद पडली. ट्रक दारात उभा राहिला. मग मी शाळा सोडली. कुणी सोड म्हटलं नाही. फी भरायचा दिवस आला आणि गेला, एवढंच.

स्टाफरूममध्ये चहा येतो. काचेचे कोप, म्हणजे पेले, सगळ्यांचे, एका ट्रेमध्ये. माझा कोप स्टीलचा, तो बाजूला जनेलात, खिडकीच्या कट्ट्यावर असतो. मी लागले तेव्हापासून तिथेच आहे. माझी जात मला इथे कुणी विचारलेली नाही. आडनाव पुरतं.

आता त्या दिवसाचं सांगते.

अध्यक्ष नवीन प्रयोगशाळा बघायला येणार होते. टेबलं नवीन होती, रंग नवीन होता. फिजिक्सच्या सरांनी ठरवलं की पाहुण्यांसमोर एक प्रयोग करून दाखवायचा. सोपा. तारेतून वीज गेली की तिच्याभोवती चुंबकासारखा जोर तयार होतो, तो डोळ्यांना दिसत नाही, पण तारेखाली होकायंत्र ठेवलं की सुई फिरते. एवढंच. दोन मिनिटांचा प्रयोग.

मांडणी मी केली. एका लाकडी फळीवर दोन खुंट्या, त्यांच्यामध्ये ताणलेली तांब्याची तार, खाली होकायंत्र, बाजूला बॅटरी आणि कळ. आधी सुई थांबू दिली. ती उत्तर-दक्षिण थांबली. मग फळी अशी ठेवली की तार बरोबर सुईच्या डोक्यावरून, तिच्याच रेषेत जाईल. कळ दाबून बघितली. सुई झटकन बाजूला वळली. कळ सोडली, परत आली. मी टेबल पुसलं आणि बेसिनकडे गेले.

हे मला कुणी वर्गात बसवून शिकवलेलं नाही. दरवर्षी हा प्रयोग मीच मांडते. एका मे महिन्यात, कंत्राट संपायच्या आधी, शाळा रिकामी होती तेव्हा मी एकटीनंच करून बघितला. तार सुईच्या वर धरली तर टोक डावीकडे जातं. तीच तार खालून घेतली तर उजवीकडे. बॅटरीच्या तारा उलट लावल्या तर पुन्हा उलट. तार लांब नेली तर सुई जेमतेम हलते. आणि तार सुईला आडवी ठेवली तर जोर असतो, पण तो सुईच्याच दिशेनं पडतो, म्हणून ती जागची हलत नाही. हे शेवटचं कळायला मला दोन दिवस लागले. कुणा मुलाच्या टाकून दिलेल्या जर्नलच्या कोऱ्या पानांवर मी आकृत्या काढून ठेवल्या. कुणाला दाखवल्या नाहीत. दाखवायचं कुणाला?

पाहुणे आले. फोटो काढणारा आला. तो म्हणाला, अशी तार दिसत नाही, तोंड इकडे करा. सरांनी फळी उचलली आणि काटकोनात फिरवली. तार पाहुण्यांच्या समोर छान आडवी आली. खाली सुई मात्र होती तशीच, उत्तर-दक्षिण.

सरांनी कळ दाबली. सुई हलली नाही.

पुन्हा दाबली. नाही.

सरांनी बॅटरी हलवली. तारेचं टोक पिळलं. होकायंत्रावर टिचकी मारली. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. मागच्या बाकावरून कुणीतरी खुसखुसलं.

मी बेसिनपाशी होते. मला वाटलं, सरांची फजिती होतेय, सांगावं. खरंच तेवढंच वाटलं. मी म्हटलं, “सर, फळी फिरवली म्हणून. तार सुईच्या रेषेत पाहिजे.”

सर वळले. “तुका कोणें विचारलें? तू बाटल्यो धुव.”

अध्यक्ष म्हणाले, “अरे वा! आता हीच शिकवते म्हणायची.”

आणि मग सरांनी मला टेबलापाशी बोलावलं. मी गेले. मला वाटलं, फळी फिरवायला सांगतील. तेव्हा ती पट्टी उचलली त्यांनी.

मांडणी करताना माझे हात कोरडे होते. हे तिथे बोलले नाही मी. जीभ होती तोंडात. हलली नाही.

पुढचे तीन दिवस मी रोजच्यासारखी गेले. कुलूप काढलं, नळ्या धुतल्या. एक नळी हातात फुटली, अंगठा कापला, ते मला फरशीवर रक्त दिसल्यावर कळलं. मुलं जाता-येता एकमेकांचं मनगट पेन्सिलीनं उचलत होती. मी बघत होते. जनेलातून बघावं तसं. हे दुसऱ्या कुणाचं तरी चाललंय.

चौथ्या दिवशी प्राचार्या मॅडमनी बोलावलं. मॅडम वाईट नाहीत. माझ्याशी कधी ओरडून बोललेल्या नाहीत. सर बाजूच्या खुर्चीवर होते. टेबलावर टाइप केलेला कागद होता. माझ्या निष्काळजीपणामुळे उपकरणं बिघडली, पाहुण्यांसमोर मी उद्धटपणे बोलले, याबद्दल मी लेखी माफी मागते. खाली माझं नाव. नावावर सहीपुरती रिकामी जागा.

“सही कर आणि जा कामाला,” मॅडम म्हणाल्या.

मी म्हटलं, “उद्या करते.”

घरी आईला सांगितलं. आई डिचोलीत दोन घरची भांडी करते. तिनं पिशवीतले पाव काढले, चहा ठेवला. म्हणाली, “सही करून टाक गो. दोन अक्षरांनी काय आंग झिजणा नाय. माका किती जण काय काय बोलले, मी खय मोजूक बसलंय?”

मी तिच्या हातांकडे बघितलं. बोटांची टोकं साबणानं पांढरी पडलेली, सुकलेली. तिचं खरं होतं. तिनं कधीच मोजलं नव्हतं. मला तेव्हा पहिल्यांदा काहीतरी जाणवलं. राग म्हणता येणार नाही. मुंग्या आलेल्या पायात परत रक्त यायला लागतं ना, तसं. दुखतं ते.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या खोलीत गेले. सर होते. कागद होता. मी म्हटलं, “मॅडम, सहीच्या आधी दोन मिनिटं लॅबमध्ये येता? उपकरणं बिघडलीत की नाही ते बघा. मग सांगा.”

सर म्हणाले, “काही गरज नाही.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि उठल्या. बहुतेक विषय लवकर संपावा म्हणून.

तीच फळी काढली. तीच तार, तीच बॅटरी, तेच होकायंत्र. सर दाराशी उभे राहिले, आत आले नाहीत. मी सुई थांबू दिली. तार तिच्या रेषेत आणली. माझे हात कोरडे होते, मी मॅडमना तळवे दाखवले. मग कळ दाबली.

सुई वळली.

सोडली. परत आली. दाबली. वळली. मग मी फळी फिरवली, त्या दिवशी सरांनी फिरवली होती तशी. कळ दाबली. सुई जागची हलली नाही. पुन्हा सरळ केली. वळली.

मी बॅटरीच्या तारा उलट करून दाखवल्या. सुई दुसऱ्या अंगाला गेली. कुणी मागितलं नव्हतं हे. माझ्याकडे होतं, मी दाखवलं. नऊ वर्षांत मला त्या खोलीत कुणी पहिल्यांदा बघत होतं.

मॅडम टेबलावर वाकल्या होत्या, त्या सरळ झाल्या. मग म्हणाल्या, “बरं. कळलं.”

मला वाटलं, संपलं.

मॅडम म्हणाल्या, “पण अध्यक्षांसमोर झालंय ना ते. त्यांना उत्तर द्यायचंय. सर सीनियर आहेत, त्यांचं नाव कसं घालू? तू सही कर. जूनचं तुझं मी बघते.”

“मॅडम, तुम्ही पाहिलं ना?”

“पाहिलं.”

“मग?”

“अगो, पाहिलं म्हणून काय झालं?”

त्या हे शांतपणे म्हणाल्या. जणू मीच काही लहान मुलीसारखं विचारलं होतं.

इतकी वर्षं मला वाटायचं, यांना माहीत नाही म्हणून. आपल्याला येतं हे यांना कळलं की चित्र वेगळं होईल. म्हणून मी नळ्या लख्ख धुतल्या. म्हणून लपून शिकले. म्हणून पाहुण्यांसमोर मदत करायला तोंड उघडलं. त्या एका वाक्यात ते सगळं गेलं. यांना माहीत असतं. माहीत असून सही मागतात. माझं खरं ठरल्यानं यांचं काहीच अडत नाही.

मी म्हटलं, “मी सही करणार नाही.”

“विचार कर.”

“केला.”

सर दारातून म्हणाले, “मे महिना लांब नाही.”

मी होकायंत्र डबीत ठेवलं, तार गुंडाळली, कपाटाला कुलूप लावलं.

त्या रात्री मी माझ्या बाजूचा तक्रार अर्ज लिहिला. काय मांडलं, कुणी फिरवलं, मी काय म्हटलं, सरांनी पट्टीनं काय केलं, मॅडमनी काय पाहिलं. झालं तेवढंच, झालं त्या क्रमानं. माझ्या भावना लिहिल्या नाहीत. त्या त्यांच्या कामाच्या नाहीत. दोन प्रती केल्या. आईनं विचारलं, “काय ता?” मी सांगितलं. ती उठून आत गेली. पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला भीती वाटत होती. मलाही वाटत होती. भीती गेली असं मी कुठेही म्हणणार नाही.

ऑफिसात क्लार्कनं अर्ज उलटसुलट केला. “हो मराठींत आसा.”

“हो. मराठीत घेता येतो.”

“मॅडमना विचारतो. फाल्यां यो.”

“उद्या नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून द्या. आजची तारीख घालून.”

तो दुसरी कामं करायला लागला. मी खिडकीपाशी उभी राहिले. मुलं फी भरायला आली, गेली. माझ्या मागे रांग लागली. मधली सुट्टी झाली, संपली. शेवटी त्यानं शिक्का उचलला आणि मारला. वाकडा मारला. तारीख वाचता येते.

सोमवारी लॅबची किल्ली माझ्याकडून काढून घेतली. मला वरांडे आणि सभागृह झाडायला लावलं. फिजिक्सची मांडणी आता कोण करतं, मला माहीत नाही. अर्जाला उत्तर आलेलं नाही. दुसऱ्या प्रतीची झेरॉक्स घेऊन मी पणजीला शिक्षण खात्यात देऊन आले. तिथेही शिक्का घेतला. मुक्त विद्यालयाचा बारावीचा फॉर्म भरलाय, विषयांत फिजिक्स लिहिलंय. यानं काही बदलेल म्हणून नाही. तो विषय माझा आहे म्हणून.

परवा वरांड्यात सर समोरून आले. थांबले. आजूबाजूला कुणी नव्हतं. हळू म्हणाले, “मागे घे अर्ज. किती दिवस ताणशील? तुझं काम अकरा महिन्यांचं.”

मी म्हटलं, “काम अकरा महिन्यांचं आहे, सर. मी नाही.”

वरांडा अरुंद आहे. सर समोरून आले की आम्ही प्यून लोकांनी भिंतीला टेकून वाट द्यायची, अशी सवय आहे. मी टेकले नाही. केरसुणी हातात धरून मधोमध उभी राहिले. ते बाजूनं गेले.

मे महिन्यात ते मला काढतील. काढू देत. अर्ज मागे घेणार नाही. जूनमध्ये बाहेरून येईन आणि त्याच खिडकीपाशी उभी राहून विचारीन, उत्तर कुठे आहे.