अंधाऱ्या खोलीतला चंद्र

माझ्या लांबच्या नातवंडांनो, माझ्याजवळच्या चंद्राचे चित्र असलेल्या काचेवरची साय, म्हणजे ते चित्र धरून ठेवणारा पातळ पापुद्रा, कडेने सुटू लागली आहे. ती गळून जायच्या आत तिची हकीकत लिहून ठेवते.

अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांतली ही गोष्ट. अमरावतीच्या आमच्या घरात ओसरीपासून माजघरापर्यंत कापूस भरलेला. मोकळी अशी एकच आतली खोली, बिनखिडकीची. त्या संध्याकाळी चंद्र ग्रहण लागूनच उगवणार होता आणि आईला दिवस गेले होते. म्हणून आजीने तिला दुपारपासूनच तिथे बसवले. आधीचे बाळ फाटक्या ओठाचे जन्मले आणि दूध ओढता न आल्याने गेले. "गिरानात भाजी चिरली हिनं," असे सगळे म्हणत. आईही तेच मानू लागली होती.

मामा कापूसखरेदीसाठी अकोल्याला असे. चंद्रावर पडणारी पृथ्वीची गोल सावली लोकांना दाखवायची म्हणून तो दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन आला. पण काचेला औषध लावायला आणि चित्र उठवायला काळोख हवा, आणि काळोख आईकडे होता.

"ताई, मले आत येऊ दे."

"ये ना. पण चंद्र आणू नोको."

"तोच तर आणून राहिलो!"

अंगणातून काच घेऊन तो धावत आत आला. पिवळ्या कापडाआडच्या दिव्यापाशी त्याने काचेवर औषध ओतले, धुतले, आणि चंद्र उठून दिसावा म्हणून काच काळ्या घोंगडीवर धरली. आईने पदरात तोंड लपवले होते.

"ताई, ही सावली आपल्याच जमिनीची. तुह्या वावराची. ते पोराचा ओठ कशी चिरंल?"

आईने दाराकडे तोंड करून सासूला विचारले, "आत्याबाई, काचेवरचा चंद्र पाहू काय?"

बाहेरून आजी म्हणाली, "आभायाकडं पाहू नोको म्हटलं म्या. काचेचं कोन सांगतलं?" आणि हळूच, "मलेबी दाखवजा."

आई बराच वेळ पाहत राहिली. मग तिने एका बाजूने कुरतडलेल्या त्या चंद्राची काच हातात घेतली.

"ताई, अंगठा उमटला ना!"

"उमटू दे. ही साय कापसापासून करतात म्हनतोस ना? मंग कापूस आमचाच हाय."

माझा भाऊ धड ओठांचा जन्मला. आजीने श्रेय खोलीला दिले. पण त्याच्या जन्माआधीच कोणी शेजारीण गेलेल्या बाळाबद्दल बोलली, तेव्हा आई पहिल्यांदा म्हणाली, "त्याचा ओठ भाजीनं नाही फाटला."

काच माझ्या पेटीत आहे. चंद्र पुसट झाला आहे. कोपऱ्यातला आईचा अंगठा अजून स्पष्ट दिसतो.