दंडाचा पट्टा, तोंडाचा पट्टा

पडदा वर जातो. एक खोली. डाव्या हाताला खिडकी. उजव्या हाताला लोखंडी कपाट, त्याचं दार कागदाची घडी खोचून बंद ठेवलेलं. मध्यभागी टेबल, टेबलावर रक्तदाबाचं यंत्र, आणि पाठ नीट टेकता येईल अशी एक खुर्ची. भिंतीवर पाटी: ‘मोजणी चालू असताना बोलू नये.’ पाटीच्या बरोबर खाली बसलेली बाई बोलते आहे. नऊ वर्षांत तिने ती पाटी वाचलेली नाही, कारण पाटी तिच्या पाठीमागे आहे.

तिला सगळे पट्टेवाली म्हणत. नाव होतं, पण ते पगारपत्रकात. पट्टेवाली म्हणायला कारणं दोन. एक, ती येणाऱ्याच्या दंडाला पट्टा बांधून त्याचं प्रेशर मोजायची. दुसरं, तिच्या तोंडाचा पट्टा. दोन्ही एकाच वेळी सुरू होत. फरक इतकाच की दंडाचा पट्टा थोड्या वेळाने आपोआप सैल होई.

पक्षाघात कुणाला होतो आणि का होतो, याचा अभ्यास तिथे चालला होता. आजूबाजूच्या आठ गल्ल्यांतली बाराशे माणसं वर्षातून एकदा येत. मीठ किती, तंबाखू किती, झोप किती, साखर आहे का, घरात आधी कुणाला झटका आलाय का, एवढं सांगून, प्रेशर मोजून घरी जात. मग अभ्यासवाले वाट पाहत. कशाची, ते कुणी बोलून दाखवत नसे. अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई या कामाला ‘प्रयोग’ म्हणू देत नसत. प्रयोगात आपण काहीतरी करतो, इथे आपण फक्त बघतो, असं त्यांचं म्हणणं. पट्टेवालीला ते पटत नसे. ठरल्या वेळी माणसं येऊन खुर्चीत बसतात आणि समोरचा बोलतो, तो प्रयोगच, असा तिचा हिशेब होता.

आणि प्रयोग रंगत असे, यात शंका नाही. पट्टा बांधता बांधता ती शेजारच्या कुत्र्याची गोष्ट सुरू करी. त्यातून कुत्र्याच्या मालकाची, मालकाच्या मेहुण्याची, मेहुण्याच्या गळक्या नळाची. ऐकणाऱ्याचे खांदे खाली येत, मुठी सुटत. इस्त्रीवाला तर एकदा खुर्चीतच झोपला होता. शेजारच्या खोलीत दुसरा मोजणारा होता. त्याला हवालदार म्हणत. तो ‘बसा’ म्हणाला की बसलेली माणसं उभी राहत.

ती या कामाला लागली ती आईमुळे. आई एका सकाळी ताटं पुसता पुसता पडली. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पुढची चार वर्षं आई एकच शब्द बोलली, ‘बरं’. हवं असलं तरी बरं, नको असलं तरी बरं. तेव्हापासून पट्टेवाली दोघींच्या वाट्याचं बोलू लागली. आई गेल्यावर आईचा वाटा तिच्याकडेच राहिला.

घरात आता ती आणि दादा. दादा घड्याळजी. लग्नं दोघांचीही राहून गेली. दादाचं, वेळ मिळाला नाही म्हणून. तिचं, बघायला आलेल्यांना बोलायला वेळ मिळाला नाही म्हणून. दादाचंही नाव अभ्यासात होतं, क्रमांक दोनशे अकरा. वरचा आकडा एकशे चाळीसच्या पुढे गेला की काळजी करायची असते. दादाचा आकडा दर वर्षी एकशे अठ्ठावीस. आईसारखं दादाचं होणार नाही, हे ती त्या आकड्याच्या भरवशावर मनाला सांगत असे, आणि दादाला घरी येऊन सांगत असे. दादा एक डोळा भिंगात घालून म्हणे, ‘मग?’ त्याच्या एवढ्या एका शब्दावर तिची संध्याकाळ निघे.

एका सोमवारी डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं.

‘बसा.’

‘उभी बरी आहे.’

‘मग निदान गप्प उभ्या राहा. सांगते ते ऐका.’ त्यांनी एक कागद पुढे सरकवला. ‘त्याच गल्ल्या, त्याच वयाची माणसं. हवालदारांच्या खुर्चीत आकडा तुमच्यापेक्षा चौदाने जास्त.’

‘माणसं घाबरतात हो त्यांना. मीसुद्धा घाबरते.’

‘घाबरतात. आणि तुमच्याकडे गुंगतात. तुमच्या खुर्चीत ज्यांचं प्रेशर ठीक होतं, त्यातल्या सात जणांना तीन वर्षांत झटका आलाय. यंत्र तपासलं. यंत्र ठीक आहे.’

पट्टेवालीने कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

‘म्हणजे माझ्या बोलण्याने...’

‘खात्रीने सांगता येणार नाही. झटक्याची कारणं दहा असतात, आणि प्रेशर ठीक असलं तरी तो येऊ शकतो. पण उद्यापासून मोजायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. त्यांनीही आणि तुम्हीही.’

‘पाच?’

‘पाच.’

दुसऱ्या दिवशी पहिला आला तो इस्त्रीवाला. ती समोर बसली आणि घड्याळाकडे बघत राहिली. एक मिनिट गेलं.

‘काय झालं?’ इस्त्रीवाल्याने विचारलं.

तिने ओठांवर बोट ठेवलं.

‘माझं काही वाईट निघालंय का?’

तिने मान हलवली. ती नाही म्हणून हलवली होती, पण इस्त्रीवाल्याला ती सहानुभूती वाटली. आकडा आला एकशे बासष्ट. त्याने घरी जाऊन बायकोला कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते दाखवून ठेवलं. दुपारपर्यंत गल्लीत बातमी पोचली की पट्टेवालीच्या घरी कुणीतरी गेलं. दोघीजणी सांत्वनाला दादाच्या दुकानात गेल्या, तर गेलेला माणूस तिथे चिमट्याने काटा बसवत होता.

पंधरा-वीस दिवसांत लोकांना सवय झाली. आकडे खाली आले, पण जुन्या जागी काही आले नाहीत. आणि त्याच सुमारास दोनशे अकराची पाळी आली.

दादा खुर्चीत बसला. पाच मिनिटं दोघं भावंडं एकमेकांसमोर गप्प बसली. आयुष्यात पहिल्यांदाच. एकशे चौऱ्याहत्तर. तिने थांबून पुन्हा मोजलं. एकशे बहात्तर.

‘यंत्र बिघडलंय,’ दादा म्हणाला.

‘यंत्र ठीक आहे.’

‘मग तू बिघडली आहेस. बोल काहीतरी.’

ती उठली आणि थेट डॉक्टरीणबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. एका दिवसाच्या मोजणीवर कुणाला गोळी सुरू करायची नाही, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांनी दादाच्या दंडाला चोवीस तासांचं यंत्र बांधलं. ते दर अर्ध्या तासाला स्वतः मोजायचं, बोलायचं नाही आणि गप्पही करायचं नाही. सोबत एक वही दिली. मोजणी झाली की त्या वेळी काय चाललं होतं, ते वहीत लिहायचं. दादा घड्याळजी. त्याने मिनिटही इकडेतिकडे होऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी वहीतल्या ओळींपुढे यंत्रातले आकडे लिहिले, त्यातले काही असे:

चार वाजता, घड्याळ, एकशे सत्तर.
साडेचार, घड्याळ, एकशे अडुसष्ट.
पाच, गिऱ्हाईक, एकशे ब्याऐंशी.
सात, बहीण बोलते आहे, एकशे चौतीस.
साडेसात, बहीण बोलते आहे, एकशे अठ्ठावीस.
आठ, बहीण अजून, एकशे सव्वीस.
नऊ, बहीण झोपली, एकशे सहासष्ट.

त्यांनी वही बंद केली. पट्टेवालीला म्हणाल्या, ‘तुमचा आकडा खोटा नव्हता. दिवसातले दोन तास तो खरा होता.’

त्या संध्याकाळी घरी गोळ्यांचं पाकीट मधे ठेवून दोघं बसली.

‘मी घेणार नाही,’ दादा म्हणाला. ‘नऊ वर्षं तू एकशे अठ्ठावीस सांगितलंस. आता कुणी दुसरं येऊन सांगणार, आणि मी ऐकणार?’

‘दुसरं कुणी नाही सांगत. मीच सांगते. चुकलं माझं.’

‘तुझं चुकलेलं मला चालतं.’

‘मला नाही चालत.’

‘पण तू असलीस की बरोबर असतं ना? वहीतच आहे. मग तू राहा म्हणजे झालं. गोळी कशाला?’

तिने पाकीट त्याच्याकडे सरकवलं. मग म्हणाली, ‘गिऱ्हाईक येतं, म्हणतं, दुकानात घड्याळ बरोबर चालतं, घरी नेलं की धावतं. तू काय सांगतोस त्याला?’

‘दुरुस्तीला ठेवून जा, असं सांगतो.’

‘का?’

दादाने फडकं घेतलं. भिंग पुसलं. पुसून झाल्यावर पुन्हा पुसलं.

‘आई पडली तेव्हा अकरा वाजले होते,’ ती म्हणाली. ‘तू दुकानात. मी तेव्हाच्या जुन्या कामावर. घरात बोलणारं कुणी नव्हतं.’

भिंतीवर दुरुस्तीला आलेली सात घड्याळं होती. ती सगळी सात वेगवेगळ्या वेळा सांगत होती. दादाने पाकीट उचललं आणि चष्मा वर करून त्यावरची बारीक अक्षरं वाचली.

‘केव्हा घ्यायची?’

‘सकाळी आठला.’

‘कुठल्या घड्याळाच्या?’

‘दादा.’

‘बरं,’ दादा म्हणाला.

आईचा तो शब्द त्या घरात बऱ्याच वर्षांनी आला होता. या वेळी त्याचा अर्थ लावावा लागला नाही.

दीड महिना गेला. दादाने मीठ निम्मं केलं आणि त्याबद्दल रोज तक्रार केली. गोळी मात्र आठच्या ठोक्याला घेतली. पट्टेवाली संध्याकाळी बोलायची ते बोलतच होती, फक्त मोजायची नाही. मोजणी कामाच्या जागी, नियमाने, असं तिने स्वतःलाच बजावलं होतं. हवालदाराला कळलं तेव्हा तो म्हणाला, ‘मीही हल्ली हळू आवाजात “बसा” म्हणतो.’ तो ते ओरडूनच म्हणाला, पण हेतू चांगला होता.

ठरलेल्या दिवशी दोनशे अकरा पुन्हा खुर्चीत बसला. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, दंडाला पट्टा. तिने दोघांच्या खुर्च्यांच्या जागा बदलून घेतल्या होत्या. आता पाटी तिच्या समोर होती. पहिल्या मिनिटाला तिने पेनचं टोपण काढलं. दुसऱ्या मिनिटाला लावलं. तिसऱ्या मिनिटाला दादाने हळूच ‘मग?’ म्हटलं, आणि तिने डोळे मोठे केले. चौथं मिनिट कसं गेलं, ते तिचं तिलाच ठाऊक. पाचवं संपलं. तिने बटण दाबलं. पट्टा फुगला, थांबला, सैल झाला.

तिने आकडा आधी वहीत उतरवला, मग एकदा दादाकडे पाहिलं आणि दंडाचा पट्टा सोडत म्हणाली, ‘एकशे चौतीस, दादा. यात माझं काहीएक नाही.’