कोरड्या कालव्यातली लाट

उदगीरच्या स्टँडवर पहाटे कंडक्टरने माझ्या फळीवर टकटक करून विचारलं, "दार हाय का हे?"

"नाही हो. यावर उभं राहून पाण्याच्या लाटेवरून घसरत जायचं असतं."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा स्टँडवरच्या कोरड्या नळाकडे पाहिलं, आणि दाराचंच लगेज तिकीट फाडलं. नांदेडपर्यंत ते दार बसच्या मधल्या वाटेत आडवं पडलं होतं आणि चढणारा प्रत्येक जण मला शिव्या देत त्याला ओलांडत होता.

उदगीरच्या माणसाला हा रोग कसा लागला, ते सांगतो. डाळमिलच्या कामाने मी वर्षानुवर्षं मंगळूरकडे तूरडाळ विकायला जात होतो. तिथल्या कोळ्यांनी मला लाटेवर उभं राहायला शिकवलं. तिथं मी बरा उभा राहतो. पण इकडे कुणाचा विश्वास नाही. बायको म्हणते, "तिथं बघायला कोण आलंय?" म्हणून मरायच्या आधी एकदा तरी आपल्या मुलखात, आपल्या माणसांसमोर लाटेवर उभं राहायचं, एवढीच माझी हौस होती. अडचण इतकीच, की मराठवाड्यात लाट येते ती उन्हाची, नाहीतर निवडणुकीची. त्यात हे दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष.

अशात लातूरच्या कॉलेजातला माझा जुना दोस्त, गायकवाड सर, याचा फोन आला. हिमायतनगरच्या बाजूला एका कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला त्याचं गाव. म्हणाला, "आप्पा, पाळी सुटून राहिली. कोरड्या कालव्यातून पाण्याचं तोंड येतं ना, ती गुडघाभर लाटच असती. ये फळी घेऊन." पाळी म्हणजे धरणातून ठरावीक दिवसांनी कालव्यात सोडतात ते पाणी. मी दुसऱ्याच दिवशी निघालो. कालव्याचं नाव मात्र सांगणार नाही. तिथली माणसं मला पुन्हा काठावर जमलेली हवी आहेत.

नांदेडहून जीपच्या टपावर फळी बांधून संध्याकाळी सरच्या गावी पोचलो. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा असं पोटभर जेवण झालं. हात धुवायला मात्र अर्धा तांब्या. जेवायच्या आधीच सरने मला कालव्याकाठची गावची विहीर दाखवली होती. बुडाला नुसती ओल होती.

"पाळी हितवर आली की ही झिरप्यानं भरती," तो म्हणाला. "दोन वर्षांत एकबी पाळी टोकाला आली न्हाई. वर प्रत्येकानं कालव्यात मोटारीचे पाईप टाकलेत. पाणी दिसलं की बटन दाबायचं. आम्हाला टँकर."

शेजारच्या काशीबाई घागर घेऊन तिथेच बसल्या होत्या. मी त्यांना माझ्या फळीबद्दल उत्साहाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं." त्या एका शब्दात माझी लायकी कळली.

सकाळी सहाला सरच्या मोटारसायकलवर फळी आडवी धरून आम्ही चार-पाच मैल वर, कालव्याच्या पुलावर गेलो. बघतो तर मांडव! कमान! कमानीवर लिहिलेलं, 'नियोजित जिल्ह्यात आपले सहर्ष स्वागत.' या भागाला नवा जिल्हा हवा आहे आणि त्यासाठी एक समिती आहे. प्रस्तावात पर्यटनस्थळाचा रकाना रिकामा राहिला होता, तो माझ्याकडून भरून घ्यायचा बेत होता. मी अध्यक्षांना म्हणालो, "आमचं उदगीरही कधीचं जिल्हा होऊन राहिलंय."

"व्हा की. पण पैला नंबर आमचा," ते म्हणाले. "तुमच्याकडं लाट हाय का?"

नव्हती.

गर्दी तर अशी, की वरच्या साऱ्या गावांतली माणसं कालव्याच्या दोन्ही काठांवर जमलेली. पाटकरी (पाळीच्या पाण्यावर देखरेख करणारा माणूस) सांगून गेला, "साडेसातला तोंड येतंय." सात पंचवीस झाले. प्रमुख पाहुणे उमरीहून निघाले होते आणि निघालेलेच होते. मला खुर्चीत बसवून शाल घातली, फेटा बांधायला घेतला. अर्धा फेटा झाला आणि कुणीतरी ओरडलं, "आलं रे!"

मी उठलो. अध्यक्षांनी माइकवर बजावलं, "पाहुणे येईपर्यंत कुणीही पाण्यात उतरू नये!" मी बसलो. पाण्याला मात्र कुणी निमंत्रणपत्रिका दिली नव्हती. गाळ, चपला, प्लास्टिक आणि बाभळीच्या फांद्या पुढे लोटत ती गुडघाभर लाट माझ्या डोळ्यांदेखत पुलाखालून निघून गेली. जलपूजनाचं हिरवं लुगडं आणि नारळ तिच्यामागे पडले. मला इतका संताप आला, की शाल भिरकावून, सुटलेल्या फेट्यानिशी मी फळी घेऊन काठाने धावत सुटलो. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

सुदैवाने पाण्याचं तोंड माणसाच्या चालीने येतं. सरने मोटारसायकलवरून मला पुढे नेलं. पहिल्या उडीत फळी गाळात रुतली आणि मी तोंडावर पडलो. दुसऱ्या वेळी ते हिरवं लुगडं पायात आलं आणि मी लुगड्यासकट उताणा झालो. तिसऱ्या वेळी बाभळीचा काटा टाचेत गेला. काठावरचे लोक हसून हसून बेजार झाले होते, पण एकही माणूस परत जाईना. कुणीतरी ओरडलं, "आप्पा, पुन्हा पडा!" मंगळूरच्या समुद्रावर मी असा कधी पडलो नव्हतो, आणि ते सांगून उपयोग नव्हता.

पुढे एका ठिकाणी कालवा कमरेइतका खाली उतरतो. तिथे पाणी घसरतं आणि पायथ्याशी उसळतं. मी फळी पाण्यात सोडली, तिच्यावर गुडघे टेकले, आणि उभा राहिलो. खरंच उभा राहिलो! गर्दी मोजायला लागली, "एक! दोन! तीन! चार!" पाचाला मी पाण्यात होतो. पण त्या चार आकड्यांत मी जेवढा सुखी होतो, तेवढा लग्नातही नव्हतो. हे बायकोने वाचलं तरी चालेल.

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी धुरळा उडवत आली. अध्यक्ष धापा टाकत म्हणाले, "फोटोत मान्यवर न्हाईत. पाण्याला सांगा, आणखी एकदा."

पाणी पुढे गेलं होतं. त्याच्यासोबत मी, आणि माझ्यामागे ती सगळी जत्रा, थेट कालव्याच्या टोकापर्यंत. दहाच्या सुमाराला पाणी सरच्या गावच्या विहिरीजवळ पोचलं आणि तिथेच साचत गेलं. इथवर हसत आलेल्या लोकांनी माना खाली घातल्या. दोन वर्षांत इथे पाणी का आलं नव्हतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दुपारी विहिरीच्या आतल्या दगडांवरून पाण्याचे ओघळ उतरताना दिसले.

मी काटा काढत बसलो होतो. सर शेजारी येऊन बसला.

"वरच्या सगळ्या गावांच्या ग्रुपवर मीच टाकलं होतं," तो हळूच म्हणाला. "उदगीरचा माणूस पाण्यावर चालणार म्हणून. कोरडी मोटार जळती, आप्पा. पाणी आल्याबिगर कुणी बटन दाबत न्हाई. आन् पाणी आलं तवा सगळे तुझ्यामागं."

"म्हणजे लाटेसाठी बोलावलं नव्हतंस?"

"लाट होती की!"

मला राग यायला हवा होता. आला नाही. काशीबाई विहिरीत वाकून बघत होत्या. मग माझ्याजवळ आल्या, माझ्या फळीवरचा चिखल पदराने पुसला आणि म्हणाल्या, "बाबा, फुडच्या पाळीलाबी पडायला या."

परतीच्या बसमध्ये नवा कंडक्टर होता. त्यानेही दार म्हणूनच तिकीट फाडलं. या वेळी मी ते तसंच खिशात घातलं. उदगीरला बायकोने विचारलं, "राहिलात का उभे?" मी म्हणालो, "चार आकडे." तिने विश्वास ठेवला नाही. फळी मी माळ्यावर टाकलेली नाही, डाळमिलच्या दाराशीच उभी आहे. आता कोणी विचारलं, तिथं जाऊन काय करता, तर सांगतो, पडतो.