वकीलसाहेबांच्या गाडीतली दोन सीटं

त्या गाडीतली दोन सीटं रेक्झिनची नव्हती, कातड्याची होती. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. वडील गेले, त्यांच्याजवळही नाही.

नांदेडला मोंढ्याच्या मागे माझं सीटं शिवायचं दुकान होतं. जीप, टेम्पो, रिक्षा, क्वचित एखाद्या डॉक्टरची मोटार. वडिलांनी ते एका अटीवर लावून दिलं होतं. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा वडील पंचविशीत होते. त्याआधी गावची मेलेली ढोरं ओढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. "रेक्झिन शीव, ताडपत्री शीव, काय बी शीव. कातडं आत आलं तर मी तुझ्या दुकानाचा उंबरा चढणार न्हाई," असं ते म्हणाले होते. मी मान डोलावली होती.

मग लातूरचे वकीलसाहेब आले. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं. कचेऱ्या नव्या, पाट्या नव्या, हाकीम नवे. सगळं गाव नवं व्हायला निघालेलं अन् ह्या एकट्या माणसाला जुनं पाहिजे होतं. हैदराबादच्या कुठल्या जहागीरदाराच्या घरातून त्यांनी दोन माणसांची विलायती स्पोर्ट्स गाडी घेतली होती, ठेंगणी, उघड्या टपाची. तिच्यात नंतरच्या काळातली उंच पाठीची जाडजूड सीटं होती. साहेबांना ती काढून पहिल्या बनावटीची हवी होती. बुटकी पाठ, उभ्या पट्ट्या, कडेला पायपिंगचा गोल काठ. दारांची आतली अस्तरं अन् डॅशबोर्डही त्याच काळातले. नमुना म्हणून एका इंग्रजी पुस्तकातला फोटो दिला, तोही धुरकट.

ती गाडी माझ्या डोक्याला ताप झाली. हैदराबादच्या भंगारातून आणलेले सीटांचे जुने सांगाडे बसवायला गेलो तर खालच्या पट्टीची भोकं जुळेनात. नवी पाडायला घेतली तर डाव्या बाजूचा पत्रा गंजून पापड झालेला. वेल्डिंग करून घेतलं, तर नवं अस्तर लावलेलं दार सीटाला घासून लागेचना. त्यात दुष्काळ. अर्धा दिवस टँकरची वाट बघण्यात, उरलेला अर्धा ह्या बयेच्या पोटात वाकून. अन् दर शनिवारी साहेब लातूरहून यायचे आणि फोटो नाकाशी धरायचे.

"पट्ट्या किती?"

"आठ."

"फोटोत नऊ आहेत."

"साहेब, फोटोत सीटावर बाई बसली हाय. तुम्ही मोजल्या कशा?"

त्यांना हसू आलं नाही. मी सगळं उसवलं आणि नऊ केल्या. पुढच्या शनिवारी त्यांनी सीटावरून हात फिरवला, म्हणाले, "मेहनत दिसते. पण हे रिक्षाचं सीट झालं हो. मूळ गाडीला कातडं होतं."

तेव्हा मला सांगता आलं असतं की कातडं आमच्याकडे चालत नाही, दुसरीकडे न्या. माझं पोट त्या कामावर अडलेलं नव्हतं. पण 'रिक्षाचं' हा शब्द मला पचला नाही. कारण एवढंच. इतकी वर्षं याहून मोठं कारण शोधतोय, सापडत नाही.

कातडं आणलं माझ्या चुलतभावानं. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्या साली ढोरं पटापटा मरत होती, शेतात मजुरी नव्हती, म्हणून तो लातूरला कातड्याच्या गोदामात लागला होता. वडिलांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मी त्याला गुपचूप निरोप धाडला. कमावलेलं तांबूस कातडं पोत्यात गुंडाळून तो एसटीनं आला.

"काकाला कळलं म्हंजे?"

"कळत न्हाई."

"बघ बाबा. मी तर बदनाम हायच, तू कशाला होऊन राहिलास?"

कातडं ताणून बसवायचं तर आधी ओलं करावं लागतं. वडील रोज टँकरच्या रांगेत उभे राहून एक कळशी दुकानाच्या पुढच्या दारात ठेवून जायचे, मला प्यायला. मागच्या खोलीत दार लावून मी त्याच पाण्यानं ते ओलं केलं.

गाडी झाली त्या दिवशी वडील बघायला येणार होते. सकाळीच मी दारांच्या अस्तरांवर पुन्हा चिकटवायचं सोल्युशन फासलं. गरज नव्हती. कातड्याचा वास त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखीचा होता, म्हणून फासलं. ते आले, वाकले, दाराच्या अस्तरावरून बोटं फिरवली. अस्तर रेक्झिनचंच होतं.

"सीटं बी ह्याचीच ना रे?"

"हाव."

सीटाला त्यांनी हात लावला नाही. माझा शब्द होता ना.

दुपारी साहेब गाडीत बसले, तर स्टिअरिंगच्या वर नुसतं कपाळ दिसत होतं. पहिल्या बनावटीचं सीट बुटकं, साहेब त्याहून बुटके. "एक उशी शिवून द्या," म्हणाले. "रेक्झिनची चालेल." मी ती शिवूनही दिली!

रविवारी विहारात वंदना झाल्यावर वडील उभे राहिले. दादा सुट्टीला लातूरहून घरी आलेला, शेवटच्या रांगेत बसला होता. वडील म्हणाले, "माझ्या पोरानं वकिलाची विलायती गाडी सजवली, पण कातड्याला शिवला न्हाई. अन् काही जण दुष्काळाचं नाव सांगून पुन्हा ढोरं सोलायला निघाले. बाबासाहेबांनी ह्याच्यासाठी बाहेर काढलं होतं का?"

सगळ्या माना मागे वळल्या. दादानं माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे. त्यानं एक शब्द काढला असता तर वडील जागच्या जागी खाली बसले असते. त्यानं काढला नाही. बाहेर चपला घालताना माझ्या कानाशी एवढंच म्हणाला, "पायपिंग झकास जमलंय म्हणत्यात."

त्याच आठवड्यात तो बायकापोरांना घेऊन किनवटकडच्या इस्लापूरला निघून गेला. तिथं पंक्चरचं दुकान टाकलं. वडिलांच्या मातीला आला, लांब उभा राहिला, पाणीही न पिता परत गेला. मी दोनदा स्टँडवर जाऊन किनवटच्या गाडीत बसलो आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेत भोकरला उतरून माघारी आलो. एवढा माणूस झालो, पण एका तिकिटाचा प्रवास पुरा होत नाही.

आणि दादाला नुसतं भेटून भागायचंही नाही. त्याला सगळं ठाऊक आहे. त्याच विहारात, त्या दिवशीचे जे कोणी उरले असतील त्यांच्यापुढे, दादाला शेजारी बसवून मला सांगायचं आहे, की कातडं मी मागवलं होतं आणि वडिलांशी खोटं मी बोललो होतो. ते मी अजून सांगितलेलं नाही.